हळदीवाचून कुंकू

पुंडलिक : आता हमखास सुरू हुतंय. यमुने, पायट्याच्या वाटंतनं बाजूला हो.

यमुना : सकाळपासनं ह्ये हमखास किती वेळा ऐकलं मी. मघाशी पायट्यानं उलट लाथ हाणली तवा नडगी सोलपटली तुमची. लावलेली हळद अजून ओली हाय.

पुंडलिक : फटफटी हाय ही, गाय न्हवं. लाथा मारूनच सुरू करायची असती. हां, घे...

फुला : फाट्ट झालं गो बाय. माझ्या काळजात झालं.

यमुना : आणि धूर मागच्या नळीतनं जायचा सोडून फुडनं आला. ह्यांची मिशी बघा फुलव्वा, करपल्या भाकरीवानी झालीय.

पुंडलिक : हसा. दोघी बी हसा. पण फुलव्वा, तू ओट्यावरनं उतरू नकोस बघ. पाय सांभाळ.

फुला : बसलेय रं पुता. गाठोडं मांडीवर घेऊन सकाळधरनं बसलेय. सासरला निघालेली नवरी पन अशी बसत न्हाई.

यमुना : तिच्या थट्टेवर जाऊ नका तुम्ही. आज दसरा हाय. दिवस मावळायच्या आत तिला कुंभारवाड्याच्या पल्याड, भावाच्या अंगणात न्यून पोचवतो असा शब्द दिलाय तुम्ही. शेजारच्या चाळीत बी सांगून आलाय.

पुंडलिक : दिलाय की. मागं फिरलोय काय मी?

फुला : तू कशाला फिरशील. मीच वेळेत निघायला पायजे हुतं. म्हादू गाडीवाला सणाला गावी निघाला तवा म्हणाला, चल आजी, गाडीत घालून नेतो. पन लायनीवरच्या त्या पोरीचं पोट दुखाया लागलेलं. पयलटकरीन. तिला तशीच टाकून जाऊ? आज पहाटे सुटली बाय. पोरगी झाली. आगगाडीच्या शिट्टीपरास मोठ्यानं रडली.

यमुना : आता म्हादू गेला, सगळ्याच गाड्या गेल्या. आणि ओंडका पडल्यापासनं फुलव्वांच्या पायाला चालवत न्हाई. मागलं दोन दसरं असंच गेलं. भाऊ तिकडं आणि ह्या हितं.

फुला : माझ्या येसाजीचंच वाईट वाटतं गो. डोळं गेल्यात त्येचं. दसऱ्याला गावच्या मांडावर सगळी जणं आपट्याचं सोनं लुटत्यात, आन ह्यो हात मागं घेतो. म्हणतो, पयलं पान फुलाचं. ती येऊ दे, मग तुमचं घेईन. दोन वर्सं कुनाचंच घेतलं न्हाई त्येनं.

पुंडलिक : ह्या वर्षी घेईल. मला फकस्त जरा गप विचार करू द्या.

यमुना : करा की. आम्ही तोंडाला फडकं बांधतो.

पुंडलिक : पेट्रोल हाय. हुबळीवरनं आलेला डबा हाय. त्यात पाणी मिसळलं असंल काय?

यमुना : नाचता येईना अंगण वाकडं.

पुंडलिक : बरं, पेट्रोल राहू दे. मग तरंगा. कार्बोरेटरच्या डबीत पेट्रोल किती यावं, त्ये तरंग्यावर असतंय. पितळी तरंगा फुटलेला, म्हणून मी पांगाऱ्याचं लाकूड कोरून घातलंय.

फुला : पांगारा बुडायचा न्हाई. नदीत जाळ्याला आमी त्योच बांधतो.

पुंडलिक : बुडला न्हाई, पण पेट्रोल प्याला. तू दिलेलं पोळ्याचं मेण लावलं तर मेण पेट्रोलात विरघळून गेलं. मग लाख लावली. ह्ये बघा, लाख जशीच्या तशी. तरंगतोय.

यमुना : म्हणजे तरंगा निर्दोष. सोडा त्येला.

पुंडलिक : मग ठिणगी. यमुने, ह्यो प्लग धर. असा लोखंडाला टेकवून. वरच्या पितळेला हात लावू नकोस. मी पायटा मारतो, ठिणगी पडती का बघ.

यमुना : धरला. मारा. — आई गं, मेले.

पुंडलिक : पितळेला हात लावू नकोस म्हटलं हुतं की.

यमुना : कुठलं पितळ आणि कुठलं काय. काळ्यावर काळं सगळं. कोपरापर्यंत मुंग्या आल्या. ठिणगी पडती. चांगली निळी पडती. माझ्या डोळ्यांत अजून पडूलाय.

फुला : बांगड्या न्हाई न्हवं फुटल्या?

यमुना : न्हाई. सणाच्या दिवशी फुटल्या असत्या तर ह्यांच्याकडनंच भरून घेतल्या असत्या, पान्यानं.

पुंडलिक : म्हणजे ठिणगी पाडणारा म्याग्नेटो बी ठीक. लाकूडकापीच्या इंजिनाचा हाय, मला त्येचाच संशय हुता.

फुला : पुता, ही सगळी एकाच फटफटीची हाडं न्हवंत काय?

पुंडलिक : कुठली गं. मोठ्या लढाईनंतर एक गोरा साहेब आलता, त्येनं ओढ्यात घालून टाकून दिलेली, तिचा सांगाडा. नळकांडं बेळगावच्या जुन्या बाजारातनं, दुसऱ्याच जातीचं. चाक फिरवणारा पट्टा बैलांच्या चामडी जुंपणीचा. आणि बाजूला तुला बसायला पाळणा हाय त्यो बुरडानं विणलाय, त्येच्याखालचं चाक मोडक्या हातगाडीचं.

यमुना : आवळ्याची मोट. बांधली तवर मोट, सुटली की आवळं अंगणभर.

पुंडलिक : आपण तिघं बी तसंच की. मी खानापूरचा, तू बेळगावची, फुलव्वा रानातली. चालूलाय न्हवं?

यमुना : चालूलाय, कारण मागनं मी ढकलूलाय.

फुला : त्ये मातुर खरं हाय रं पुंडलिका.

पुंडलिक : थांबा. आता ध्येनात येऊलाय. पेट्रोल येतंय. ठिणगी पडती. नळकांड्यातला दट्ट्या दम धरतोय. तरी धूर फुडनं. म्हणजे दारं चुकत्यात.

यमुना : कसली दारं?

पुंडलिक : नळकांड्याला दोन दारं असत्यात. एकातनं पेट्रोलची वाफ आत यायची, दुसऱ्यातनं जळका धूर भाईर जायचा. ही दारं एक दात्यांचं चाक उघडतंय. त्या चाकाला फिरवणारं आणि एक बारकं चाक. दोघांचं दातं जिथल्या तिथं बसाय पायजेत. एक दाता हिकडं का तिकडं झाला, की आग लागायच्या वक्ताला नेमकं यायचं दार उघडं ऱ्हातंय.

यमुना : पाहुणे यायच्या दारातनं उष्टं भाईर टाकल्यागत.

पुंडलिक : तसंच. पण त्ये चुकायचं कारण न्हाई. ही दोन चाकं दोन इंजिनांची, त्येंच्यावरच्या खुणा एकमेकींना वळखत न्हाईत. म्हणून परवा अख्खा दिवस मी नळकांड्यात वेताची काडी घालून बसलेलो. दट्ट्या वर कधी येतो, खाली कधी जातो, सगळं ताडून नेमका दाता काढला. दोन्ही चाकांवर माझी स्वताची खूण केली. आज सकाळी त्याच खुणेला खूण लावून बसवलंय.

यमुना : मग झाकण काढून बघा तरी. काखेत कळसा गावाला वळसा नको.

पुंडलिक : काढतो. पाना दे. त्यो न्हवं, वाकडा. हां... यमुने.

यमुना : काय?

पुंडलिक : हितं दोन टिपकं हाईत. मोठ्या चाकावर दोन, बारक्यावर दोन. तांबडं.

यमुना : मग?

पुंडलिक : मी एकेकच केलेलं. सकाळी दोन दिसलं मला. वाटलं, एक ओघळून पल्याडच्या दात्याला लागलंय. जास्त लाल हुतं त्येला धरून जुळवून टाकलं.

यमुना : तुमची खूण कशाची हुती?

पुंडलिक : रंगाची.

यमुना : घरात रंग कुठं हाय?

पुंडलिक : तांबडा रंग गं. थोडासा.

यमुना : अहो, माझ्या करंड्यातलं कुंकू कमी का हुतंय म्हणून मी परवापासनं डोकं फोडूलाय. मुंग्या नेत्यात समजून करंडा पाण्याच्या परातीत ठेवला मी.

पुंडलिक : चिमूटभर घेतलं. गोड्या तेलात कालवून काडीनं लावलं.

फुला : एवढी थोरली मुंगी गो बाय. आन मिशीवाली.

यमुना : हसू नका फुलव्वा, थांबा. काल खंडेनवमी हुती.

पुंडलिक : हुती की. मी आगगाडीच्या शेडमधल्या इंजिनाच्या पूजेला गेलतो. खंडेनवमीला हत्याराला हात लावायचा नसतो म्हणून चाकं तशीच कोपऱ्यात ठेवली आणि वर गोणपाट टाकून गेलो.

यमुना : मी त्ये गोणपाट उचललं.

पुंडलिक : कशाला?

यमुना : पूजेला. हातोडा पुजला, पाने पुजले, कोयता, सूप, उखळ पुजलं. मग ह्या दोन चाकांनीच काय पाप केलं हुतं? त्येंच्याच जिवावर फुलव्वा माहेरी जाणार. सगळ्यात आधी त्येंना हळदकुंकू लावलं. झेंडूचं फूल वाहिलं. हात जोडून म्हटलं, बाबांनो, फजिती करू नका.

पुंडलिक : कुठल्या दात्याला लावलंस?

यमुना : जो वर आला त्येला. मी काय दातं मोजत बसू?

पुंडलिक : म्हणजे लालभडक हुतं त्ये तुझं असंल. न्हाई तर माझं असंल. आता तेल उडून सगळं एकसारखं लाल झालंय बघ.

यमुना : दोन्ही लावून बघा की. ह्ये न्हाई तर त्ये.

पुंडलिक : दोन चाकं, दोन-दोन टिपकं. चार जोड्या हुत्यात, त्यातली एक चुकलेली कळली, तीन उरल्या. एकेका जोडीला झाकण काढा, झाकण घाला. आणि चुकीच्या जोडीवर जोरात मारलं तर दार दट्ट्याला भिडून वाकतंय. मग ह्या जन्मात सुरू हुत न्हाई. खात्रीनं करायचं तर परत काडी घालून पयल्यापासनं. दिवस मावळतोय तवर.

यमुना : माझ्यामुळं झालं ह्ये.

पुंडलिक : तुझ्यामुळं कसं? न सांगता कुंकू मी घेतलं.

यमुना : न विचारता गोणपाट मी उचललं.

फुला : उलटंच भांडूलाय की गो तुमी. माझी चूक, माझी चूक म्हणून भांडणारं जोडपं मी ह्या वयात बघूलाय. ऱ्हाऊ दे पुता. फुडल्या दसऱ्याला जाऊ.

यमुना : फुडल्या न्हाई. आणि त्ये गाठोडं सोडू नका तुम्ही. बघा, पानं सांडली. फुलव्वा, ही पानं वाळलेली कशी?

फुला : ती मागली हाईत. एक गेल्या दसऱ्याचं, एक त्येच्या आदल्या. येसूच्या नावानं तोडलेली. दुसऱ्या कुणाला कशी देऊ? आन ह्ये आजचं हिरवं. तिन्ही त्येच्या हातात ठेवायची हुती.

यमुना : ऐकलं का अहो? माझी दोन्ही पोरं ह्या बाईनं हातात घेतली. पयल्या येळेला पाऊस असा, की गाड्या बंद, आणि ही रानातनं चालत आली. आज तिला एवढं न्यायचं तर माझ्या हळदकुंकवानं घात केला. मला रडाय येतंय.

फुला : रडू नगं. पोर आडवं आलं की बाया रडत्यात. मी त्येंना सांगते, रडून पोर सरळ हुत न्हाई, आन ओढून बी हुत न्हाई. आधी हात फिरवायचा. डोकं कुठं, पाय कुठं, त्ये बघायचं. मग आपसूक वाट मिळती. तू सांग बघू, काल पूजा करताना काय काय केलंस? पयल्यापासनं सांग.

यमुना : काय करणार. हात धुतलं. पाट मांडला. चाकांवर पाणी शिंपडलं. हळद लावली, तिच्यावर कुंकू लावलं...

फुला : हळद आधी?

यमुना : हळदीवाचून कुंकू लावतंय काय कोण? हळदीचं बोट टेकायचं, मगच कुंकू. माझ्या आईनं हातावर मारून शिकवलंय त्ये... थांबा.

पुंडलिक : काय झालं?

यमुना : तुम्ही तुमच्या खुणेला हळद लावली हुती?

पुंडलिक : खुणेला कशाला हळद?

यमुना : काढा ती चाकं. काढा म्हणते न्हवं. आणि चिंधी द्या, सणाच्या लुगड्यानं पुसायला लावू नका.

पुंडलिक : घे. जपून पूस.

यमुना : वरवरचं कुंकू तेवढं उचलते. ह्ये बघा. ह्येच्याखाली पिवळं. ह्ये माझं, पूजेचं. आणि ह्येच्याखाली...

पुंडलिक : लोखंड.

यमुना : नुसतं लोखंड. ह्ये तुमचं, चोरीचं. आता बारकं चाक द्या. पिवळं. आणि ह्ये लोखंड. घ्या तुमचं दातं.

पुंडलिक : यमुने, तुला शेडमध्ये फोरमन करायला पायजे.

यमुना : स्तुती मागनं. आधी चाक बसवा. फुलव्वा, दिवस कुठं आला?

फुला : सागाच्या शेंड्यावर हाय अजून. येळ हाय. मला दिवसाचं कळतंय, घाबरू नगा.

पुंडलिक : दाता दात्यात. खीळ. झाकण. यमुने, बोल्ट दे. त्यो न्हवं, लांबडा. आता बुटका. आता चौकोनी डोक्याचा.

यमुना : एका झाकणाला चार जातीचं बोल्ट. सोयरिकी कुणी जमवल्या म्हणायच्या ह्या.

पुंडलिक : मीच. आणि एक बी मोडली न्हाई. सरा आता. ह्या वेळी मी हमखास म्हणणार न्हाई.

यमुना : म्हणूच नका. नुसती मारा.

(पहिल्या लाथेला फटफटी नुसतीच खोकली. दुसरीला तिनं असा काही सूर काढला, की चाळीतली झाडून सगळी कुत्री उठून बसली, ओट्यावरची मांजर थेट कौलांवर गेली, आणि कॅसलरॉकच्या शेडमधला पुंडलिक फिटर, एरवी हसायलाही सणवार बघणारा माणूस, सोलपटलेली नडगी विसरून अंगणात नाचला. नाचताना यमुनेचा हात त्यानं चारचौघांत धरला आणि तिनं तो सोडवला नाही. धूर जिकडून जायचा तिकडूनच गेला. आता तिघांनाही ओरडूनच बोलावं लागत होतं, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं.)

यमुना : या फुलव्वा, माझ्या खांद्यावर हात टाका. पाळण्यात घोंगडं घातलंय. दुखरा पाय लांब करा. असं.

फुला : हालतंय गो. पोटात गुदगुल्या हुत्यात.

यमुना : जन्मभर लोकांची पोरं पाळण्यात घातली तुम्ही. आज आम्ही तुम्हाला घातलं.

फुला : मग बारशाला नाव काय ठेवतेस?

यमुना : नाव जुनंच बरं हाय. बदललं तर भाऊ दारात घेणार न्हाई.

पुंडलिक : यमुने, चढाला पट्टा तुटला तर?

यमुना : दुसरी जुंपणी पाळण्यात टाकलीय. पाना टाकलाय, तुमचा वाकडा. भाकरी हाय, पाण्याचा तांब्या हाय. आणि कुंकवाचा करंडा बी टाकलाय. चाक खोलायची येळ आली तर खुणा मागून करा, चोरून नको.

पुंडलिक : तू बी मागं बसतीस काय? बसशील गं.

यमुना : तिसरं माणूस ह्या आवळ्याच्या मोटेला सोसायचं न्हाई. जावा तुम्ही. उद्या सावकाश या, मी हाय.

फुला : बाय, सनाचा दिवस, तुला पान द्यायला पायजे. पन पयलं येसूचं.

यमुना : मला ठाऊक हाय की. मी बी तुमचंच पयलं घेणार. तवर चाळीतल्या कुणाचं घेत न्हाई. एक तुमचा भाऊ, एक मी.

फुला : अशी वाकडी गो तू.

पुंडलिक : निघू काय? फुलव्वा, पाळण्याच्या काठाला घट्ट धर.

फुला : पुता, जरा थांब. एक सांगू? मला भ्या वाटूलाय.

पुंडलिक : पडू देत न्हाई मी तुला.

फुला : पडायचं न्हवं रं. येसूला दिसत न्हाई. त्यो माझी पावलं वळखायचा. मी बांधावर पाय ठेवला, की आतनं हाक यायची, फुला आली. आज पावलं कुठली? मी आल्याचं त्येला कसं कळंल?

पुंडलिक : म्हादूसंगं निरोप धाडलाय न्हवं मी. येसाजीमामाला सांग म्हटलं, दसऱ्याला रानातनं फटफट असा आवाज आला, की समज, फुला आली. आपल्या ह्या रानात दुसरी फटफटी हाय कुठं?

फुला : लांबनं ऐकू जाईल?

यमुना : ह्ये? कोसभरावरनं जाईल.

पुंडलिक : वारा तिकडचा असला तर दोन कोसांवरनं.

फुला : मग शेवटचा कोस हळू चालीव, पुता. त्येला उठून अंगणात यायला येळ लागतो.